पहिल्या बेसवर उरलेला माणूस

१

चोरीला गेला तो एक कागद. तोही असा, की रस्त्यात पडलेला असता तर कुणी त्यात खिळेसुद्धा बांधून नेले नसते. पण गुरुवारी सकाळी वहिनींनी मैदानावरच्या ऑफिसातलं पत्र्याचं कपाट उघडलं, गठ्ठा बाहेर काढला, पानं चाळली, पुन्हा चाळली, आणि मट्‌कन खुर्चीत बसल्या. पाय आधीच दुखत होते, त्यात हे.

"गेला," त्या म्हणाल्या.

"कोण गेलं?" कॅप्टननं दारातून घाबरून विचारलं. या वयात 'गेला' म्हटलं की माणसाला आधी माणूसच आठवतो.

"माणूस नाही हो. फायनलचा तक्ता. सव्वीस वर्षांपूर्वीचा. काल संध्याकाळी मी स्वतः गठ्ठ्यात बांधून ठेवला होता."

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मैदानाच्या कडेला टेबल टाकून बेसबॉलचा स्कोअर लिहायचे. स्पर्धा हौशी मंडळींची. कारखान्यांचे, कचेऱ्यांचे, बंदरावरचे संघ आपापसात खेळायचे, आणि जिंकेल तो एकच संघ राजधानीतल्या मोठ्या स्पर्धेला जायचा. या विभागीय पात्रता स्पर्धेचा मास्तरांच्या हयातीतला प्रत्येक तक्ता त्यांच्याच हातचा. दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले. मंडळानं स्पर्धेचा इतिहास आणि आकडेवारी पुस्तकात छापायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या. फुकट काम करणाऱ्याकडे नजरा फार लवकर वळतात.

वहिनी दिवसभर हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीत बसत आणि उरलेल्या वेळात मास्तरांचे तक्ते तपासत. बेसबॉलचा चेंडू त्यांनी आयुष्यात हातात धरला नव्हता, पण तपासायची रीत त्यांना पहिल्याच दिवशी कळली, कारण ती त्यांच्या खिडकीतलीच होती. हॉस्पिटलात आलेला माणूस एक तर बरा होऊन घरी जातो, एक तर दगावतो, नाहीतर अजून खाटेवर असतो. चौथं काही होत नाही. तसंच बॅट घेऊन आलेल्याचं. एक तर तो तिन्ही बेस, म्हणजे वाटेतले थांबे, फिरून निघाला तिथं, 'घरी' येतो, म्हणजे रन. एक तर बाद होतो. नाहीतर डाव संपतो तेव्हा कुठल्यातरी बेसवर अडकून उरतो. या तिघांची बेरीज आणि जितक्यांदा कुणी बॅट घेऊन आलं त्या पाळ्यांचा आकडा, दोन्ही सारखे यायलाच हवेत. मास्तर ही बेरीज जुळल्याशिवाय जेवत नसत. शेकडो तक्ते वहिनींनी तपासले, सगळे जुळले.

एक सोडून. काचकारखान्यानं बंदराच्या संघाला हरवून कप आणला, तो फायनलचा तक्ता. कारखान्याच्या आयुष्यातला एकमेव कप. त्यांच्या पाळ्या पस्तीस. रन तीन, बाद सव्वीस, बेसवर उरलेले सात. बेरीज छत्तीस. एक माणूस जास्त. बॅट न घेताच कुणीतरी बेसवर जाऊन उभा राहिलेला.

बुधवारच्या बैठकीत वहिनींनी हे सांगितलं होतं. बैठकीला माणसं म्हणजे तिघंच. मंडळाचा अध्यक्ष कॅप्टन, त्या वेळी काचकारखान्याचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि कप्तान. टायरशेठ, त्याच संघातला. आणि मैदानाचे चुनेकाका, चहा घेऊन आलेले. सामन्याआधी मैदानावर चुन्याच्या रेषा मारणं हे त्यांचं काम, म्हणून ते चुनेकाका.

"लिहिताना हात चुकला असेल," वहिनी म्हणाल्या होत्या. म्हणताना जिभेला जड गेलं होतं. मास्तरांचा हात चुकला? "शेवटच्या डावात दोन उरले असणार, यांनी तीन धरले. उद्या पेन घेऊन येते आणि तक्त्यावरच सातावर सहा करते. सोमवारी छापखान्यात द्यायचंय."

"करा, करा," कॅप्टन म्हणाला होता. "एका आकड्यानं काय आभाळ कोसळतंय?"

आणि आज तो तक्ताच नाही. कपाटाचं कुलूप शाबूत. वरच्या फळीवर चांदीचा कप जिथल्या तिथे. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं.

२

खिडकीतली पाळी संपवून वहिनी टायरच्या दुकानात पोचल्या. टायरशेठ ट्रकच्या चाकाशी झटापट करत होता. गडी जाडजूड, तोंड सतत चालू.

"या वहिनी! बसा. त्या टायरवर बसा, नवा आहे. जुन्यावर मी पाहुण्यांना बसवत नाही."

"कागद चोरीला गेलाय, कळलं का?"

"कळलं. कॅप्टनचा फोन होता. म्हटलं, आता बायकोचा हिशेबही कुणीतरी चोरला तर बरं."

"चेष्टा पुरे. मला त्या सामन्याचं सांगा. तक्ता नाही, तर निदान आठवणी तरी छापू."

टायरशेठला एवढंच हवं होतं. हात पुसत तो उठला. "ऐका. रविवारची फायनल. दोन-दोन बरोबरी. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावाचा आमचा अर्धा चालू. आमचे दोघे बाद, तिन्ही बेस भरलेले. तिसऱ्या बेसवर कोण? मी! घर समोर, हाताच्या अंतरावर. मी पोचलो की कप. आणि धो धो पाऊस. अंपायर म्हणाला, बंद. राहिलेलं उद्या सकाळी."

"म्हणजे सोमवारी."

"सोमवारी. कुत्रंसुद्धा नव्हतं बघायला. मी आपला पुन्हा तिसऱ्या बेसवर उभा. पहिलाच चेंडू, आणि..." टायरशेठनं पाना खांद्यावर टाकला, छाती काढली, आणि दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंत असा डौलात चालत आला, की रस्त्यावरचे दोघं थांबून बघू लागले. "असा आलो! चालत! टोपी काढून! अहो, आयुष्यात सगळीकडे धावत गेलो, शाळेत धावत, कामावर धावत, लग्नालासुद्धा उशीर झाला म्हणून धावत. घरी चालत आलो तो एकदाच!"

वहिनी हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"चालत का?"

"अं?"

"तक्त्यात लिहिलंय 'वाइल्ड पिच'. पिचरचा चेंडू बॅटवाल्यामागच्या कॅचरच्या हाती न लागता मागे जाळीकडे गेला, आणि तेवढ्यात तुम्ही घर गाठलंत. असं असेल तर कॅचर चेंडू घेऊन येण्याआधी जीव घेऊन पळायला हवं. तुम्ही चालत कसे आलात?"

टायरशेठनं पाना खाली ठेवला. जागा बदलून ठेवला. पुन्हा उचलला.

"वहिनी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज एका माणसाला पुरेल एवढा झाला, "मी फार बोलतो. माझी आई सांगायची, हा एक दिवस तोंडानं मरेल. तुम्ही सहा करा आणि मोकळ्या व्हा. मास्तर चांगला माणूस होता."

चांगला माणूस होता! नवरा गेल्यावर दोन वर्षांनी कुणी न विचारता असं सांगू लागलं, की बाई मागचे दिवस उलटून बघू लागते.

३

वहिनींना तो सोमवार आठवत होता. शाळेच्या नोकरीत मास्तरांनी पहिल्यांदाच सकाळचे तास बुडवले होते. दुपारी घरी आले, ताटावर बसले आणि तसेच उठले. "बेरीज जुळली नाही का?" असं वहिनींनी विचारलं होतं, थट्टेनं. मास्तर म्हणाले होते, "जुळवली नाही." तेव्हा वहिनींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरात तेव्हा लहान मूल तापानं फणफणलेलं होतं.

आता मात्र तो शब्द कानातून जाईना. आयुष्यभर त्यांनी या माणसाचा तुसडेपणा, विसराळूपणा, सणकीपणा सगळं एका भरवशावर सोसलं होतं, की हा खोटं लिहिणार नाही. तेच खोटं असेल तर पुस्तकातल्या बाकीच्या शेकडो तक्त्यांचं काय? आणि सोसण्याचं काय?

शुक्रवारी त्या कॅप्टनच्या घरी गेल्या. कॅप्टन आता निवृत्त. भिंतीवर कप उचललेला फोटो, खाली आरामखुर्ची, गुडघ्याला पट्टा.

"चावी तुमच्याकडे असते," वहिनी बसता बसता म्हणाल्या.

"एक माझ्याकडे, एक चुनेकाकांकडे. म्हणजे मी चोर?"

"मी कुठे म्हटलं? मला शेवटचा चेंडू सांगा. बॅट तुमच्या हातात होती ना? तक्त्यात नवव्या क्रमांकावर तुमचंच नाव आहे."

कॅप्टननं डोळे मिटले. हे तो शंभर वेळा बोलला असावा. शब्द गुळगुळीत झाले होते. "पाऊस कोसळत होता. समोरचं दिसत नव्हतं. चेंडू त्याच्या हातातून निसटला, माझ्या पाठीमागून सणसणत गेला. मी ओरडलो, 'पळ!' टायरशेठ असा पळाला, शेवटी चिखलात पोटावर घसरत घराला हात लावला. नखशिखांत चिखल. मी त्याला मिठी मारली, माझाही सदरा बरबटला."

"पाऊस कोसळत होता."

"मुसळधार."

"कॅप्टन, पाऊस रविवारी होता. शेवटचा चेंडू सोमवारी पडला. सोमवारी मी घरातल्या गाद्या उन्हात घातल्या होत्या, म्हणून सांगते. आणि टायरशेठ पळाला नाही. काल त्यानं मला चालून दाखवलं."

आरामखुर्ची करकरली. आतून कॅप्टनच्या बायकोनं "चहा टाकू का?" विचारलं.

"तुम्ही तिथं नव्हता," वहिनी म्हणाल्या.

कॅप्टननं गुडघ्याचा पट्टा सोडला, पुन्हा लावला.

"भट्टीवर होतो," शेवटी तो म्हणाला. "सुट्टी रविवारची मिळाली होती. सोमवारी पहिली पाळी. मुकादमानं बेसवर अडकलेल्या तिघांना तासभर सोडलं, मला नाही. माझा जोडीदार आजारी होता, आणि काचेची भट्टी कुणासाठी थांबत नाही. बाकीचे सगळेही कामावर."

"मग बॅट कुणी धरली?"

"ते विचारू नका. मी शब्द दिलाय."

"आणि तक्ता?"

"देवाशप्पथ, तक्त्याला मी हात लावला नाही!"

वहिनींना वैताग याचाच आला, की त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला.

४

लेकीचा फोन आला तेव्हा वहिनी पाय गरम पाण्यात बुडवून बसल्या होत्या.

"आई, कोण वाचणार आहे ते पुस्तक? सहा लिही आणि झोप."

"सगळे तेच म्हणतायत. म्हणूनच झोप येत नाही."

"मग चोर कोण? तो कॅप्टन ना? इतकी वर्षं दुसऱ्याची गोष्ट स्वतःची म्हणून सांगतोय."

"मलाही तसंच वाटलं. पण विचार कर. कॅप्टनला गोष्ट लपवायची असेल, तर त्यानं काय करायला हवं?"

"कागद पळवायला हवा."

"काही करायला नको. मी स्वतःच गुरुवारी पेन घेऊन येणार होते, सातावर सहा करणार होते. शेवटचा पुरावा मीच, माझ्या हातानं, फुकटात पुसणार होते. लपवणाऱ्यानं मला चहा पाजून बसवलं असतं. टायरशेठचंही तेच. तो तर अजून सांगतोय, सहा करा."

मास्तरांची मुलगी होती, आकड्यात बुद्धी चालायची. "म्हणजे चोराला सात पुसू द्यायचे नव्हते."

"नव्हते. आणि दुसरं. गठ्ठा. तुझ्या बाबांची फीत मी बुधवारी नेहमीसारखी घट्ट गाठ मारून बांधली होती. गुरुवारी गाठ नव्हती. फीत गठ्ठ्याभोवती गोल गोल गुंडाळून शेवटचं टोक आत खोचलेलं."

"घाईत असेल."

"घाईतला माणूस उघडं टाकून जातो ग. यानं पानांचे कोपरे नीट जुळवले होते, फीत एकसारखी गुंडाळली होती. वेळ होता त्याच्याकडे. मन लावून केलं होतं. फक्त गाठ तेवढी मारली नाही. का नाही मारली?"

पाणी कोमट होत चाललं होतं. वहिनींच्या डोळ्यांपुढे बुधवारचा ट्रे आला. कप मांडणारे चुनेकाका. डाव्या हातानं एकेक कप ठेवणारे, आणि उजवा हात ट्रेखाली नुसता टेकवलेला. त्या हाताची बोटं मिटत नाहीत. स्वतःचा चहासुद्धा ते दोन्ही तळव्यांत कप दाबून पितात. सगळे म्हणत, भट्टीत काहीतरी झालं असेल. कुणी कधी विचारलं नव्हतं. वहिनींनीही नाही, आणि चुनेकाका मास्तरांचे तक्ते पोचवायला किती वेळा त्यांच्या दारात उभे राहिले होते!

"आई? आहेस ना?"

"आहे," वहिनी म्हणाल्या. "गाठ मारता येत नाही म्हणून मारली नाही."

५

शनिवारी चुनेकाका मैदानावर रेषा मारत होते. चुन्याची गाडी डाव्या हातानं ओढायची, उजवं कोपर दांड्यावर टेकवायचं. रेषा मात्र फूटपट्टीनं आखल्यासारखी. वहिनी कडेच्या बाकावर जाऊन बसल्या. काकांनी गाडी थांबवली नाही. घरापासून पहिल्या बेसपर्यंतची रेषा पुरी केली आणि मगच आले.

"वहिनी, तुम्ही ओरडणार असाल तर आधी ओरडून घ्या. चहा नंतर टाकतो."

"ओरडायचं त्राण नाही काका. कागद कुठाय?"

काका अवजारांच्या खोलीत गेले. कागद घेऊन आले. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत जपून ठेवलेला, एक सुरकुती नाही.

"चेंडू तुमच्या हातावर बसला," वहिनी म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"टायरशेठच्या पायांनी. तिन्ही बेस भरलेले असताना चेंडू बॅटवाल्याच्या अंगावर बसला, की त्याला पहिला बेस फुकट, आणि पुढचा प्रत्येकजण एकेक बेस सरकतो. पळायचं कारणच नाही. म्हणून तो चालत आला. आणि बॅटवाला पहिल्या बेसवर उरला. तोच माझा छत्तिसावा माणूस."

काका बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग हळूहळू बोलले, रेषा मारावी तसे.

"मला महिनाभर आधीच कारखान्यानं काढलं होतं. माणसं कमी केली त्यात. सोमवारी सगळे कामावर, मी एकटा रिकामा, म्हणून कडेला येऊन बसलो होतो. तिसऱ्या बेसवरून टायरशेठ ओरडला, अरे, तू ये! गेलो. नियम माहीत होता मला, की ज्याचं नाव कारखान्याच्या पटावर नाही तो चालत नाही. पण वाटलं, एक चेंडू तर खेळायचा. बंदरवाल्यांना वाटलं बदली खेळाडू, तो तर चालतोच. मनगट असं वाजलं वहिनी, की पिचरला तिथं ऐकू गेलं. रडायला लागला बिचारा."

"आणि तुम्ही?"

"मी पहिल्या बेसवर गेलो. जावंच लागतं. पहिल्या बेसला पाय लागल्याशिवाय तिकडचा रन धरत नाहीत. गेलो, पाय ठेवला आणि उभा राहिलो. हे तिघं घरापाशी नाचत होते. मी तिकडेच. कुणीतरी सांगेल 'ये' म्हणून थांबलो." ते जरा हसले. "मास्तर आले शेवटी. टेबल सोडून."

वहिनींनी पहिल्या बेसकडे पाहिलं.

"हॉस्पिटलच्या बाकावर मीच त्यांना म्हटलं, माझं नाव काढा. नाहीतर कप जाईल. पोरांनी जन्मात एकदा काहीतरी जिंकलंय. मास्तर नाही म्हणाले. भांडले माझ्याशी. मी तुटक्या हातानं त्यांचे पाय धरायला गेलो, तेव्हा गप्प झाले. पुढं तुमच्या दारात तक्ते घेऊन यायला लागलो, तेव्हा एकदा उंबऱ्यातच म्हणाले, 'नाव काढलं. वाइल्ड पिच लिहिली. पण तू बेसवर होतास हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ते मी काढलेलं नाही. सातामध्ये तू आहेस.'"

मैदानावर वारा सुटला, ओला चुना जागचा हलला नाही.

"सगळ्या जगात माझा तेवढाच पुरावा," काका म्हणाले. "आणि तुम्ही पेन घेऊन येते म्हणालात."

वहिनींना राग यायला हवा होता. यांनी खोटं लिहिलं आणि बायकोला कळू दिलं नाही, म्हणून यायला हवा होता. पण आला तो भलताच. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस नुसता आकडेच मोजतो अशी त्यांनी त्याची टिंगल केली होती, आणि तो एक अख्खा माणूस एका आकड्यात जपून ठेवून बसला होता. सांगायला काय झालं होतं मेल्याला!

"आता काय करायचं, काका?" त्यांनी नाक पुसत विचारलं. "तुमचं नाव घातलं तर नियमानं कप रद्द होऊ शकतो. नाही घातलं तर बेरीज चुकीची म्हणून कधीतरी दुसरा कुणी शहाणा सातावर सहा करेल."

"नाव नको. सात राहू द्या. एवढंच."

"माझ्या एकटीचा हा निर्णय नाही," वहिनी म्हणाल्या आणि पर्समधून फोन काढला.

६

कॅप्टन रिक्षातून आला, टायरशेठ दुकानातल्या टेम्पोतून. चौघे बाकाभोवती जमले. वहिनींनी तक्ता मांडीवर ठेवला आणि जेवढं झालं तेवढं सांगितलं. टायरशेठ खाली बघत राहिला, बोलला नाही. हेही त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

"काका म्हणतात, नाव नको," वहिनी म्हणाल्या.

"नकोच ना," काका घाईनं म्हणाले. "कॅप्टन, उगाच तुमचा कप..."

"माझा?" कॅप्टन म्हणाला. तो बाकाला धरून उभा होता; गुडघा वाकत नव्हता. "अरे, सव्वीस वर्षं मी तुझ्या चेंडूसमोर उभा राहतोय. लग्नांत, बारशांत, मंडळाच्या सभेत. पोरांना सांगितलं, नातवाला सांगितलं. आधी थोडंच सांगायचो. मग पाऊस घातला. मग चिखल घातला. काल तर मिठी घातली! दमलो रे मी तिथं उभा राहून."

"शब्द दिला होतात," काका म्हणाले.

"दिला होता. मोडतो. लिहा वहिनी. माझं नाव खोडा आणि खाली टीप घाला, की याचं नाव कारखान्याच्या पटावर नव्हतं आणि हे कप्तानाला माहीत होतं. माझी सही घ्या."

"आणि कप परत मागितला तर?" वहिनींनी विचारलं. त्यांना हे आत्ताच, सगळ्यांदेखत बोलून व्हायला हवं होतं.

"मागू दे. मी स्वतः नेऊन देईन."

"कुणाला?" टायरशेठला अखेर कंठ फुटला. "बंदराचा संघ मोडला त्याच्या पुढच्याच वर्षी. आणि राजधानीत आपण पहिल्याच सामन्यात असे हरलो, की तिथं कुणाचं काही नुकसान झालं म्हणायची सोय नाही. फार तर पुस्तकात आपल्या वर्षापुढे फुली येईल. येऊ दे. फुलीवाले विजेते! दुकानावर पाटी लावतो."

"गप रे," काका म्हणाले.

"काका," वहिनी म्हणाल्या, "हे सगळे बोलतायत. चेंडू तुमच्या हातावर बसलाय. तुम्ही नको म्हणालात तर मी पेन उघडणार नाही, यांनी कितीही सह्या केल्या तरी."

काका उठले. चुन्याच्या गाडीपर्यंत गेले, तिचं झाकण नीट आहे की नाही ते बघितलं. नीटच होतं. तिथूनच, पाठमोरे राहून म्हणाले, "काय काय लिहावं लागतं?"

"एक ओळ. प्रत्यक्ष बॅटिंग शून्य. अंगावर बसलेला चेंडू त्यात धरत नाहीत. हिट शून्य. रन शून्य."

"म्हणजे शून्यच की सगळं."

"शेवटचा रकाना राहिला. ज्याच्यामुळे दुसरा घरी आला, त्याच्या नावावर तो रन मांडतात. तिथं एक येतो. जिंकून देणारा."

काका परत आले. बाकावर बसले नाहीत. टायरशेठनं स्वतःचा रुमाल पुढे केला, त्यावर ग्रीस होतं, तो तसाच खिशात घातला.

वहिनींनी टोपण काढलं, नवव्या ओळीवर पेन टेकवलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे लिहिताच येणार नाही. त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं, कॅप्टननं टायरशेठकडे. तिघंही ओशाळले.

"काका," वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाव काय हो?"

"कोणतं? पुस्तकात असतं तसं?"

"पुस्तकात असतं तसं. पूर्ण."

"वडिलांचंही घालतात का?"

"घालतात."

"मग थांबा जरा," काका म्हणाले, आणि त्यांनी आधी डोक्यावरची टोपी काढली.